डबीतल्या रिकाम्या पुंगळ्या

लिहून ठेवणार मी, बंदूक-दुरुस्तीवाल्याची बायको, आता विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्याने करायची नसते. हे राजीखुशीने लिहिते. कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालायला घरात माणूस लागतं.

१. खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या मुलीला. चौदा वर्षं ती आलेली नाही, तरी तिलाच.

२. बँकेत उरेल ते नातीला. तिला फोटोतच पाहिलंय. नाक माझं आहे, बिचारीचं.

३. दिराने ड्रिल मशीन "उद्या देतो, वहिनी" म्हणून नेलं. तो उद्या अजून उगवायचाय. तेच त्याचा वाटा समजावं.

४. पॉइंट टू टू रायफल मुलीला. परवाना तिच्या नावावर होईपर्यंत ती काडतूसवाल्याच्या दुकानात जमा राहील.

याचं कारण लिहिणं भाग आहे. नेमबाजीच्या निवडीच्या सामन्यात मुलीच्या शेवटच्या पाचांतल्या तीन गोळ्या पेटल्याच नाहीत. नुसतं टक. वेळ संपली, निवड हुकली. मी आधी काडतूसवाल्याच्या नावाने बोटं मोडली, फुसका माल विकतो म्हणून. त्याने त्याच पेटीतल्या वीस गोळ्या दुसऱ्या रायफलीतून उडवून दाखवल्या. मग मी चारचौघांत मुलीला म्हणाले, "रिकाम्या रायफलीचा चाप ओढत बसतेस, त्याने बिघडली."

"आई, मी एकदाही नाही ओढला."

"मग काय भुताने ओढला?"

ती घर सोडून गेली.

ते भूत मी. या गोळीचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिन कडेवरच बसते. आत काही नसलं तर पिन नळीच्या लोखंडावर आदळते. तिथे खोच पडते, पिन बोथट होते. नवरा रोज संध्याकाळी रायफल पुसून एकदा चाप ओढायचा आणि म्हणायचा, "झोपली गं." मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. तो गेल्यावर मुलगी सरावाहून येऊन आंघोळीला गेली की मीही रोज पुसून चाप ओढायचे. घरात त्याचा तेवढाच आवाज उरला होता.

मुलगी गेल्यावर दोन वर्षांनी त्याच्या खणात पत्र्याची डबी सापडली. आत उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, प्रत्येकीच्या कडेला गोल फिरून खुणाच खुणा. चाप ओढण्याआधी तो आत पुंगळी घालायचा, म्हणजे पिन पितळेवर बसायची. पुंगळी घातल्याचा आवाज स्वयंपाकघरात येत नाही.

तेव्हापासून बारा वर्षं फोन उचलते आणि ठेवते.

५. ती डबी मुलीला. रायफल दुरुस्त केली आहे, पिन नवी आहे. काडतूसवाल्याने पन्नास उडवल्या, पन्नासही पेटल्या. चूक तुझी नव्हती, माझी होती.

६. वकील म्हणतो, साक्षीदाराला मालमत्तेतलं काही देता येत नाही. माफी मालमत्तेत धरत नाहीत, हे विचारून घेतलंय. ती काडतूसवाल्याला, बोटं मोडल्याबद्दल.

७. हे कलम सहीच्या वेळी वाढवलं. काडतूसवाला वाचून म्हणाला, "काकू, हे तिला तुम्ही मेल्यावर कळणार. मग तिने भांडायचं कुणाशी?" म्हणून याची एक प्रत आजच तिला पोस्टाने जात आहे. पत्ता नातीचा फोटो आला त्या पाकिटावरचा.

ठिकाण: दुकानावरची खोली
तारीख: ११ मार्च, बुधवार

सही: (आई)
साक्षीदार: १. काडतूसवाला (सही) २. समोरची नर्स (सही, पोस्टात तीच टाकणार)