शेअर किती, रोखे किती

कडेगाव, गुरुवार, संध्याकाळ

निवृत्तीसाठीच्या गुंतवणुकीच्या फॉर्मवरचा एक चौकोन आज चहापर्यंत कोराच होता. शेअरमध्ये किती टक्के? उरलेले रोख्यांत जाणार. फॉर्म उद्या द्यायचाय आणि निवृत्तीला आठ वर्षं आहेत. आमच्या शाळेतले गणिताचे सर म्हणतात, निम्मे तरी शेअरमध्ये ठेवा. पटतं. पण मी स्वतःला ओळखतो ना! कोरोनात बाजार कोसळला तेव्हा घाबरून होते ते सगळे शेअर तोट्यात विकले. बायकोला, सुनंदाला, कधी सांगितलं नाही. का? लाज, दुसरं काय.

आज चहाच्या वेळी सांगून टाकलं. वाटलं, भडकेल. ती शेंगा फोडत होती, फोडतच राहिली.

"आवं, ठावं हाय मला. तवा तुमी धड जेवत न्हवता. परत बाजार पडला तर?"

"न विकता थांबेन."

"खरं बोला."

खरं हे, की निम्मे पैसे शेअरमध्ये असले तर मी पुन्हा पळेन. तीस टक्के असले तर मन घट्ट करून बसेन. बहुतेक. मग चौकोनात तीस लिहिलं. सर हसतील. हसू देत.

खाली मोबाईल नंबरची ओळ होती.

"तितं माझा घाला," सुनंदा म्हणाली. "इकायला गेलासा तर ओटीपी मला यील."

राग आला, आणि लय हलकंही वाटलं. पेन टेकवलं नि थांबलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिचा नंबर मला पाठ नाही. तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला. मी लिहीत गेलो.