पत्र्याच्या एक हात खाली

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला सगळे खुशाल आहेत असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो. सासऱ्यांचा खोकला, माझी कंबर आणि हिचा अबोला, तिन्ही आपापल्या जागी खुशाल आहेत.

तुझं पत्र मिळालं. भाऊजींच्या कारखान्यातला जुना सुतार काम सोडतोय, त्याचं टेबल मला आणि वरची खोली आम्हा दोघांना, हे वाचून मी इतका हरखलो की ते हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ही "बरं झालं" म्हणाली आणि पुसून ठेवलेलं पातेलं पुन्हा पुसायला घेतलं. आनंद झाला की काही लोक नाचतात, ही भांडी पुसते.

माझा रंधा भाऊजींच्या कपाटात आहे ना गं? पात्याला तेल लावून ठेवायला सांग. लग्न झालं तेव्हा "लवकरच येतो, माझी जागा धरून ठेवा" म्हणून मी तो तिथे ठेवून आलो होतो. त्या 'लवकर'ची किती वर्षं झाली ते तू मोजत असशीलच, मी नाही मोजत.

तू विचारलंस, अडलंय कुठे? कुंपणाची भानगड मी तुला कधी नीट सांगितलीच नाही, कारण घरजावयाला लाज थोडीच उरते आणि ती जपून वापरावी लागते. आमची रोपवाटिका उघड्या माळावर. पश्चिमेकडून वारा सुटला की कोबीची कोवळी रोपं झोपतात आणि परत उठत नाहीत. म्हणून रोज दुपारी वाफ्यांच्या कडेला कापडाचे पडदे उभे करायचे आणि वारा पडेपर्यंत सांभाळायचे. एकट्या म्हाताऱ्याचं ते काम नाही. लग्नात सासरे स्वतःच म्हणाले होते, "पश्चिमेला मोरपंखीची रांग लावतोय. ती शेडच्या पत्र्याला टेकली की वारा अडेल. मग मला एक गडी पुरे. तोवर तेवढं राहा, जावईबापू." मी हो म्हणालो. मी सुतार माणूस. झाड मला उभं कळत नाही, आडवं कळतं. मला वाटलं, दोन-तीन वर्षांत होईल.

सासऱ्यांचं एक भाषण ठरलेलं आहे. गिऱ्हाईक आलं की ते एका हातात कोबीचं रोप आणि दुसऱ्या हातात मोरपंखीची पिशवी घेऊन उभे राहतात. "हा कोबी. याला रोज पाणी, भरपूर शेणखत, अळी आली की धावपळ. तीन महिन्यांत गड्डा आणि चौथ्यात जागा रिकामी. ही मोरपंखी. हिच्या मुळाशी पाणी साचलं की रुसते, खत फार नको, फक्त ऊन आणि जागा द्या. खायला काही देणार नाही, पण वारा अडवील, धूळ अडवील, गुच्छवाले डहाळ्या नेतील आणि तुमच्या नातवालाही आडोसा देईल." मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि हे आमचे कोबीराव. रोज विचारपूस लागते." गिऱ्हाईक हसतं. मीही हसतो. आता तर खताचा गाडीवालासुद्धा मला कोबीराव म्हणतो.

हल्ली म्हाताऱ्याचं भाषण तेवढं पाठ आहे, बाकी गोंधळ वाढलाय. परवा कोबीच्या वाफ्यात सगळा मुळा उगवला. बीवाल्यानं फसवलं म्हणून त्यांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

तर कुंपण. पहिली काही वर्षं ते सरळ वाढलं आणि पत्र्याच्या एक हात खाली येऊन जे थांबलं, ते थांबलंच. उंची खुंटली आणि अंगानं मात्र भरत चाललंय, माझ्यासारखं. सासरे रोज सकाळी काठी लावून मोजतात आणि हळहळतात. "तुमची सुटका व्हायला हवी हो, कोबीराव, माझ्यापायी अडकलात." मुळाशी पेंड घालून बघितली, चर खणून पाणी काढून बघितलं. कात्री लावायची तर सक्त मनाई, पत्र्याला टेकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एका हाताएवढ्या उंचीसाठी मी इथे रोज दुपारी पडदे धरून उभा असतो, ताई. कधी कधी कापड तोंडावर येतं आणि जोरात ओरडावंसं वाटतं. वाऱ्यात कुणाला ऐकूही जाणार नाही.

भाऊजींना सांग, येतो. महिनाअखेरीला नक्की. शेंडा का खुंटलाय ते एकदा वर चढून बघतो, कीड असेल तर औषध मारू, नाहीतर वर बांबूचा तट्ट्या ठोकून देईन. सुतार कशाला झालो मग?

पत्र उद्या टाकतो.

गुरुवार

टाकलं नाही. खिशातच राहिलं.

हवा बरी आहे. टोमॅटोची रोपं विकली गेली. शेडचं दार घासत होतं, ते रंधा नसल्यामुळे कानशीनं घासून बसवलं. शेजारणीच्या मांजरीला तीन पिल्लं झाली.

आता लिहितो.

सोमवारी दुपारी वारा नव्हता. सासरे झोपले होते, ही बाजारात गेली होती. मी शिडी लावून वर चढलो. पाला बाजूला केला आणि बघितलं. कीड नव्हती. शेंडा कापलेला होता. एका झाडाचा नाही, रांगेतल्या प्रत्येक झाडाचा. जुना काप सुकून करडा झालेला, त्याच्या बाजूनं नवी फांदी वर निघालेली, ती पुन्हा कापलेली. बाजूचा पाला वर येऊन सगळं झाकत होता, म्हणून खालून काही दिसत नव्हतं.

माझ्या मनात पहिला म्हातारा आला. असा संताप आला ताई, की तसाच उतरून त्यांना झोपेतून उठवणार होतो. काठी लावून हळहळणारा हा माणूस मला इतकी वर्षं बनवतोय! पण त्यांना शिडीची पहिली पायरी चढवत नाही. आणि कापाकडे नीट बघितलं. धारदार चाकूचे स्वच्छ काप, आणि सगळ्यांचा उतार उलटा. लाकडावरचा डाव्या हाताचा काप मला डोळे मिटून बोटानं कळतो. घरात डावखुरं माणूस एकच आहे. तिच्या हाताला बसेल अशी चाकूची मूठ मीच करून दिली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

ही परत आली तेव्हा मी शिडीखालीच बसलो होतो. तिनं शिडीकडे बघितलं, वर बघितलं, पिशवी खाली ठेवली.

"बघितलंत?"

"का?" मी म्हणालो.

"बाबांचं विसरणं बऱ्याच वर्षांपासूनचं आहे, मी झाकत आले. आता तर बीसुद्धा ओळखू येत नाही. कोबीचं कुठलं, मुळ्याचं कुठलं, काही कळत नाही. ते जेवायला बसले की मी वाफे उकरून परत पेरते. त्या मुळ्याच्या वेळी जमलं नाही. दोन महिन्यांपूर्वी बस-थांब्यावर जाऊन बसले होते, घरी कसं यायचं ते आठवत नव्हतं. गड्याच्या हवाली करू त्यांना?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असता."

"मग?"

"मग काय! ताईंचं पत्र आलं की तुम्ही ते किती वेळा वाचता, मला दिसत नाही का? राहा म्हणायला मला तोंड नव्हतं. आणि जाऊ या असं म्हणवत नव्हतं. पत्र्याला टेकलं असतं तर दोन्हीतलं एक बोलावं लागलं असतं." मग ती रडली. मी तिला रडताना फार कमी वेळा बघितलंय. "तुम्ही जा," म्हणाली. "खरंच जा. मी मागाहून येईन."

मागाहून म्हणजे केव्हा, ते तिलाही माहीत आहे आणि मलाही. म्हातारा गेल्यावर. आणि त्याची वाट बघत बसायचं, असलं पाप तिला माझ्या मनात येऊ द्यायचं नव्हतं. म्हणून एवढ्या वर्षांत ती एकटी चढत राहिली, मऊ मातीत डुगडुगणाऱ्या शिडीवर, खाली कुणी धरायला नसताना.

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. राग होता, अजून आहे. माझी वर्षं तिनं मला न विचारता कापली. कारखान्यातला भुशाचा वास आठवला की आजही हातातलं काम टाकून मी नुसता उभा राहतो, आणि हे मी कुणालाच सांगू शकत नाही, तुझ्याशिवाय. इथून बाहेर पडायची वाट एकच होती, ती कुंपणावरून जात होती. आता कळलं की तीही नव्हती.

आज सकाळी सासरे काठी घेऊन कुंपणापाशी उभे होते. मोजलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यंदा नक्की टेकणार बघा, जावईबापू. मग तुम्ही आणि माझी पोर सुटलात." डोळे पाण्यानं भरले होते त्यांचे. मी म्हणालो, "घाई नाही, मामा."

नव्या फांद्या चांगल्या वीतभर वर आल्यात. हात लावला नाही तर पावसाळ्यापर्यंत त्या पत्र्याला भिडतील. दुपारी सासरे झोपल्यावर ही चाकू घेऊन दारात आली आणि मला बघून थबकली. मी उठलो, शिडी उचलली, रांगेच्या टोकाला लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो. ती चढली. शेंडे माझ्या डोक्यावर पडत होते.

भाऊजींना म्हणावं, टेबल दुसऱ्याला द्या. त्यांनी माझ्यासाठी फार वाट बघितली. वरची खोलीही कुणाला भाड्यानं दे, रिकामी ठेवू नकोस.

आणि ताई, माझा रंधा पाठवून दे. इथे दारं घासतात.

तुझा धाकटा,
कोबीराव