ब्रेकरमधली फट

सोमवार, ४ मार्च

रस्तेवाला साहेब आला एकदाचा! वळणावर उभा राहतो न राहतो तोच खाणीचा डंपर अंगाला घासून गेला. साहेब थेट माझ्या कुंपणात. म्हटलं, बघितलंत? आमचे पाहुणे याच रस्त्याने सायकली घेऊन तळं बघायला जातात. माझ्या वरच्या दोन खोल्या त्यांच्यावर चालतात. पुढे वाट दाखवायला माझी लेक असते. उद्या एखादा चिरडला की कोण येईल इकडे?

"ब्रेकर टाकतो, बाई." धूळ झटकत होता.

टाका म्हटलं. पण कडेला सायकलपुरती फट सोडा, पाहुण्यांची हाडं खिळखिळी नकोत.

"तुम्हीच इंजिनिअर व्हा."

झालेही असते, शाळेत टिकले असते तर!

शनिवार, ९ मार्च

ब्रेकर झाला. फट सोडलीय. लेक तिच्यातून सुळकन गेली, दोन्ही हात सोडून. ओरडले. नुसती हसते.

मंगळवार, १२ मार्च

डोकं फिरलंय. सकाळपासून ओट्यावरून बघतेय – डंपरवाले एका बाजूची चाकं फटीत घालतात! निम्मा धक्का वाचतो ना. पूर्वी मधून जायचे, आता नेमके कडेने, सायकलीच्या वाटेने. आणि फट मागितली कुणी? मीच!

नवरा त्याच खाणीचा डंपर चालवतो. जेवताना विषय काढला.

"सगळेच घालतात. गाडीचे स्प्रिंगचे पाटे तुटतात नाहीतर."

"तुम्हीसुद्धा?"

"जेवू देशील का?"

म्हणजे हेसुद्धा.

बुधवार, १३ मार्च

साहेबाला फोन केला. फटीत मधोमध खांब रोवा – सायकल जाईल, डंपर जाणार नाही. "पुढच्या आठवड्यात बघू." साहेबांचा पुढचा आठवडा कधी उजाडतो देव जाणे.

मीच दगड लोटायला निघाले. शेजारीण कुंपणावरून म्हणते, "तुझं लग्न त्या रस्त्याशीच लावायला हवं होतं!" लेकीने अडवलं – "अगं, अंधारात पाहुणाच आपटेल त्यावर." खरं होतं. गुमान परत आले.

"मी असते ना पुढे. कसली काळजी करतेस?"

तीच तर काळजी!

शुक्रवार, १५ मार्च

उद्या पाहुण्यांचा मोठा जथा. लेकीला म्हटलं, नको जाऊस. ऐकते कुठली. माझ्यावरच गेलीय.

शनिवार, १६ मार्च

पाहुणे सुखरूप. लेक नाही. फटीतून जाताना डंपरच्या मागच्या चाकाने सायकल ओढली, लेक बाहेर फेकली गेली म्हणून वाचली. हात मोडलाय. डंपर थांबलासुद्धा नाही.

हे घरी आले, तिचं प्लास्टर बघितलं आणि ढसाढसा रडले. मी आजवर पाहिलं नव्हतं. मग शिव्या!

"कोण होता सांग. तंगडं तोडतो त्याचं!"

लेक भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "धुळीत दिसला नाही, बाबा."

रविवार, १७ मार्च

लेकीने आज मला सांगितलं. डंपर बाबांचाच होता. भरलेली गाडी – सायकल लागल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. "सांगू नकोस, आई. जीव देतील ते."

हे बाहेर बसून तिच्या सायकलचं चाक सरळ करतायत.

हाक मारली. म्हटलं, चाक राहू द्या. आत या.