चूक कळवायला दार नव्हतं

आई, तुझ्याशी बोलावंसं वाटायला आज कारण झालं ते लाजेचं. निवृत्त झाल्यावर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मोबाइलवर माणसांचा आकडा भरला की तांदूळ किती, डाळ किती, खोबरं किती ते तो सांगतो. लिहिताना डोळ्यांपुढे आपली लालबागची खानावळ होती, दाटीवाटीने बसलेले गिरणीकामगार आणि चुलीपाशी तू. घरून जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांना तो फुकट मिळावा, आणि आत काय लिहिलंय ते कुणालाही बघता यावं, सुधारता यावं, एवढीच इच्छा होती. प्रश्न होता तो ठेवायचा कुठे. बरोबर काम केलेल्या मैत्रिणीने दोन जागा सांगितल्या. एक मोठ्या कंपनीची. तिथे जगभरचे प्रोग्रॅमर येतात, काम आवडलं तर चांदणी देतात. पण चूक कळवायची तर आधी खातं उघडावं लागतं, तेही इंग्रजीत. दुसरी काही हौशी माणसांनी चालवलेली साधी जागा. तिथे मराठीत पान करता येतं आणि कुणीही निरोप टाकू शकतं. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या बायकांना कुठे येता येईल ते बघ." मी चांदण्या बघितल्या आणि प्रोग्रॅम कंपनीच्या जागेवर ठेवला.

गिरण्यांच्या संपातली ती दुपार तेव्हा मला आठवायला हवी होती. तुझे निम्मे जेवणारे कोकणात गावी गेलेत, उरलेल्यांना पगार नाही, आणि तू कुळथाच्या पिठीवर पंगत चालवतेयस. गल्लीतला एक पुढारी दारात येतो. धान्य मी देतो म्हणतो, फक्त जेवण माझ्या कार्यालयात वाढायचं. येणाऱ्याने आधी नाव नोंदवायचं आणि माझ्या फलकाखाली बसायचं. मी शाळकरी, कोपऱ्यात बसून मनातल्या मनात तुला म्हणतेय, हो म्हण. तू पदराला हात पुसतेस. "माझ्याकडे जेवणारो दुसऱ्याच्या दारात कित्याक उभो रवतलो?" तो गेला. दिवाळीच्या आत खानावळ बंद पडली आणि तू हिंदमाताच्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावायला लागलीस. हट्टापायी तू आपलं नुकसान केलंस, असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

माझा प्रोग्रॅम वापरणाऱ्या परळच्या एका बाईंच्या लक्षात आलं की माणसं फार झाली की डाळ कमी सांगितली जाते. त्यांनी कळवायचा प्रयत्न केला. खातं उघडा, असं इंग्रजीत आल्यावर त्यांनी नाद सोडला आणि स्वतःपुरती डाळ अंदाजाने वाढवत राहिल्या. हे त्यांनी मला पुढे दादरला एका मेळाव्यात भेटल्यावर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, बोलता बोलता. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चिंचपोकळीच्या चाळीतली एक बाई, जिला प्रोग्रॅम वापरायला मीच शिकवलं होतं, तिने बारशाची मोठी ऑर्डर घेतली आणि शेवटच्या पंगतीला आमटी पुरली नाही. पाहुणे कोरड्या भातापुढे बसून राहिले. घरची बाई सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "झेपत नाही तर घेता कशाला?" त्या चाळीतून तिला पुन्हा ऑर्डर आली नाही.

परळच्या बाई भेटल्या त्याच दिवशी मी चूक दुरुस्त केली आणि प्रोग्रॅम साध्या जागेवर हलवला. आता निरोप येतात. खोबरं ओलं की सुकं, हे तरी लिहा, म्हणून एकीने मला फटकारलंसुद्धा. मैत्रिणीला वाटतं, मी तत्त्वासाठी जागा बदलली. मीही तिला तसंच वाटू दिलंय.

चिंचपोकळीची बाई मात्र अजून समजते की आकडा तिनेच चुकीचा भरला. परवा फोनवर म्हणाली, "ताई, माझंच लक्ष नव्हतं. तुमचा प्रोग्रॅम कशाला चुकेल?" आणि आई, मी म्हणाले, "होतं असं कधीकधी." हे सगळं सांगायचं होतं ते तिला. तुला लिहितेय, कारण ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही.