चढावरचा हात

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी सायकलवाल्याकडे चाललेय, तुमची विजेच्या सायकलीची ऑर्डर बदलायला. चिडण्याआधी पुढचं वाचा.

रविवारी खालच्या वहिनी सहज म्हणाल्या, “चढावर तुमचे हे दमले, की त्या चित्रकलेच्या बाई आपली सायकल शेजारी आणून पाठीला हात लावतात आणि वर ढकलतात.” मी म्हटलं, “बरंच आहे, गुडघ्याला आराम.” त्या दिवशीची भाजी का खारट झाली, ते आता कळलं असेल.

बाईंच्या सायकलीला चाकातली मोटर, म्हणून तुम्हीही तीच सांगून आलात. पण त्यांचे गुडघे धडधाकट आहेत. तीन दिवस मी हेच वाचतेय. चाकातली मोटर लांब चढावर तापते आणि मान टाकते. पेडलपाशी बसवलेली मोटर गिअरचा जोर घेऊन चढते. त्यातही अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल असलेलीच सांगणार आहे, म्हणजे ऑपरेशनचा गुडघा अडला तरी सायकल वर जाईल. कुणाच्या हाताशिवाय.

आणि फॉर्मवर वजन विचारलंय, तिथे तुम्ही फक्त तुमचे ब्याऐंशी किलो लिहिलेत. मी ते एकशे चव्वेचाळीस करतेय, आणि मागे बसायला सीट लावून घेतेय.

सायकल आली की पहिल्यांदा त्याच चढाला जाऊ. बाई भेटल्या तर थांबा, ओळख करून द्या. मी उतरणार नाही, मागूनच बोलेन. तुमच्या पाठीवर हात ठेवून.

गोळी जेवणानंतर घ्या.

— मी