सतरा गाणी परत केल्याबद्दल दुप्पट झालेल्या दंडाविषयी अर्ज

प्रति,
मा. दंडनिश्चिती अधिकारी,
ध्वनिहक्क संरक्षण कक्ष,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार.

विषय : बेकायदा डाउनलोड केलेली गाणी कार्यालयात परत आणून दिल्यामुळे दंड दुप्पट झाल्याबाबत, व घरातील कॉम्प्युटरचे सील काढून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली पहिली नोटीस, दि. ३ जानेवारी. २) गाणी परत केल्याची पोच, दि. ९ जानेवारी (शिक्का आपलाच). ३) आपली दुसरी नोटीस, दि. २ फेब्रुवारी.

महोदय किंवा महोदया (नोटिशीवरच्या सहीवरून अंदाज येत नाही, राग नसावा),

१. मी कपडे दुरुस्तीचे दुकान चालवते. चेन बदलणे, पँट आखूड करणे, लग्नानंतर घट्ट झालेले कोट सैल करणे, ही माझी कामे. कॉम्प्युटर मी कुणाकडे शिकले नाही, एकेक बटण दाबून आणि दोनदा घरातली वीज घालवून शिकले. तरी पहिल्या नोटिशीत माझा उल्लेख 'संघटित ध्वनिचौर्यात गुंतलेली व्यक्ती' असा आल्यामुळे आमचे हे, म्हणजे यजमान, दोन दिवस माझ्याशी जरा जपून बोलत होते. त्याबद्दल आपल्या कार्यालयाचे आभार मानणे माझे कर्तव्य समजते.

२. गुन्हा कबूल आहे. सतरा जुनी गाणी मी डाउनलोड केली. कारण सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात आणि बोलणे गेले. 'ते' एवढा एकच शब्द शिल्लक राहिला. 'ते' म्हणजे पाणी, 'ते' म्हणजे खिडकी लाव, आणि 'ते' म्हणजे इतकी वर्षे या घरात राहून तुला एवढे कळत कसे नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले की, बोलणे आणि गाणे डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असते. त्यांना तोंडपाठ असलेली गाणी लावा, त्यांच्याबरोबर म्हणा आणि मग हळूहळू चाल काढून घ्या, शब्द मागे राहतील. अस्तर उसवले तरी कापड राहते, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच."

३. गाणी आधी विकतच घ्यायची होती. कंपनीला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले की, सदर ध्वनिमुद्रणे विक्रीस उपलब्ध नाहीत व उपलब्ध करण्याचा मानस नाही. कलाकाराला त्याच्या कष्टाचे मिळालेच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. कुणी आखूड केलेली पँट तशीच घालून निघून गेला तर मीही मागे धावते. परंतु मी पैसे द्यायला निघाले तेव्हा घ्यायला एकही हात पुढे आला नाही, आणि फुकट घेतल्याबरोबर एवढे हात कुठून आले, हे समजावून मिळाल्यास उपकार होतील. विकायला नसलेल्या वस्तूचा खप माझ्यामुळे नेमका किती घटला, तेही कळवावे.

४. गेल्या वर्षी माझ्या दुकानातून एकाने इस्त्री व दोन अर्धवट शिवलेले कोट पळवले. तो सापडला. त्याला समज देण्यात आली आणि किरकोळ दंड झाला. माझा दंड त्याच्या सत्तरपट आहे. कोटांचे मालक अजून माझ्याशी बोलत नाहीत, ते वेगळेच. यावरून मी असा बोध घेतला की, गाण्यांच्या दुकानात शिरून अख्खे कपाट उचलले असते तर कायद्याने ते पुष्कळ स्वस्त पडले असते. मला आधी कुणी सांगितले नाही.

५. आता मूळ तक्रार. पहिल्या नोटिशीत स्पष्ट लिहिले होते की, 'अनधिकृतपणे ताब्यात घेतलेला ऐवज तत्काळ परत करावा.' आमच्या धंद्यात परत करणे म्हणजे वस्तू नीट घडी घालून मालकाच्या हातात नेऊन देणे. म्हणून मी सतराही गाणी पेन ड्राइव्हवर घेतली, त्याला चेनची छोटी पिशवी शिवली, यादी जोडली आणि खिडकी क्रमांक चारवर हजर झाले. तिथल्या भाऊसाहेबांनी विचारले, "हे काय?"

मी म्हटले, "तुमची गाणी. मोजून घ्या."

ते म्हणाले, "बाई, नऊ वर्षं इथं बसतोय, परत आणून देणाऱ्या तुम्हीच पहिल्या," आणि शिक्का मारून पोच दिली.

दुसऱ्या नोटिशीनुसार मी गाण्यांच्या प्रती तयार करून त्या तिसऱ्या पक्षाच्या हवाली केल्या. सबब मी आता 'वितरक' आहे, दंड दुप्पट झाला आहे आणि कॉम्प्युटरला सील लागले आहे. हा तिसरा पक्ष म्हणजे आपले कार्यालय. वितरक असेल तर माल घेणाराही असणारच. तो माल आजही खिडकी चारच्या खणात आहे आणि सहावे गाणे उत्तम आहे, असे समजते. भाऊसाहेबांविरुद्ध माझी तक्रार नाही. सासूबाई कशा आहेत, असे या इमारतीत फक्त त्यांनीच विचारले. आपल्या कार्यालयाला आपण नोटीस कधी बजावता तेवढे कळवावे, म्हणजे सुनावणीला सोबतच येऊ.

६. सील लावायला दोघे जण आले होते. पट्टी तिरकी बसवली आहे, माझ्या दुकानात असे काम परत आले असते. ते असो. सील लागण्यापूर्वी सासूबाईंचे चौदा शब्द परत आले होते. पाणी त्या चौथ्या गाण्याच्या चालीवर मागत आणि दार लावायला दुसऱ्या गाण्याच्या चालीवर सांगत. एके दुपारी, कुठलीही चाल न लावता, मला म्हणाल्या, "अगं, बस जरा." तेवीस वर्षांत त्यांनी मला बस म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मी बसलेही.

आज सीलला अडतीस दिवस झाले. चौदांतले नऊ उरले आहेत. पाणी पुन्हा 'ते' झाले आहे. आम्ही स्वतः गाऊन पाहिले. परंतु माझे गाणे खरे तर आधी बेकायदा ठरवायला हवे, असे ह्यांचे मत पडले. सासूबाई रोज सकाळी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसतात, सीलच्या लाखेवर बोट ठेवतात आणि थांबतात. सील तोडत नाहीत. कायद्याचा मान त्या माझ्यापेक्षा जास्त ठेवतात.

७. आपल्या नोटिशीला जोडलेल्या यादीतील गाणे क्रमांक नऊकडे लक्ष वेधू इच्छिते. गायकांच्या रकान्यात दोन नावे आहेत, आणि पुढे आपण लिहिले आहे 'व इतर'. लग्नाआधी सासूबाई काही महिने कोरसमध्ये गात असत, एवढे आम्हाला ऐकून माहीत होते. गाणे कोणते, ते कुणी विचारले नव्हते, आणि विचारावेसे वाटले तोवर त्यांना सांगता येत नव्हते. क्रमांक नऊ पहिल्यांदा लावले तेव्हा त्या मुख्य ओळींना गप्प राहिल्या. मला वाटले, हे येत नसावे. कोरस आला आणि त्या बरोबर ठोक्याला आत शिरल्या, एक शब्द न गाळता. संपल्यावर माझ्याकडे बघून डाव्या हाताचे बोट स्वतःच्या छातीवर ठेवले.

तरी 'व इतर' यांनी स्वतःचा आवाज ऐकल्यास कोणते कलम लागते, आणि 'नुकसान झालेला पक्ष' या रकान्यात एखादी ओळ रिकामी आहे काय, ते कळावे.

८. दंड कमी करा, असे मी म्हणत नाही. हप्ते पाडून द्या, लोकांच्या पँटी लांब आहेत तोवर फेडीन. मात्र सील काढावे. नियमात बसत नसेल तर फक्त क्रमांक नऊ द्यावे. तेही बसत नसेल, तर पेन ड्राइव्ह आपल्या खणात आहेच. दर मंगळवारी अकरा वाजता मी सासूबाईंना खिडकी चारवर घेऊन येईन. भाऊसाहेबांनी ते गाणे एकदा लावावे. बसायला स्टूल आम्ही घरून आणू. कोरसच्या चार ओळी होईपर्यंत पुढचा टोकन नंबर पुकारू नये, एवढीच विनंती.

सोबत : १) दोन्ही नोटिशींच्या प्रती. २) आपल्या शिक्क्याची पोच. ३) कंपनीचे नकाराचे पत्र. ४) उरलेल्या नऊ शब्दांची यादी. ५) पेन ड्राइव्ह जोडलेला नाही, मागच्या वेळचा अनुभव आहे.

दिनांक : १२ मार्च

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, सध्या वितरक,

(सही)
कपडे दुरुस्ती दुकानवाली

(सही, डाव्या हाताची)
व इतर