भट्टीवरचा अर्धा तेर्स

आये, केळीच्या भट्टीत आत्या पडली ती तुझ्या घाईने नाही, माझ्या. मी माळेचा तेर्स अर्धाच म्हटला होता. तू होतीस तेव्हाच हे सांगायला पाहिजे होतं, आणि आता तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या क्रुसावरचं नाव मी दोनदा रंगवून घेतलंय. चौथीतून तूच मला काढलंस, तेव्हा अक्षर जसं आहे तसं आहे. चुका काढत बसू नकोस.

आपल्या घरामागची भट्टी आता कोणाला सांगून खरी वाटत नाही. पाणी लागू नये म्हणून आजोबांनी ती उंचवट्यात खणलेली, माणूसभर खोल, आतून चिऱ्यांची, वर फळ्या आणि फळ्यांवर माती. दोन तोंडं. एक सहा पायऱ्या उतरायचं, दुसरं कोपऱ्यात, मडकं वर ओढता येईल एवढं. आत केळ्यांचे लोंगर रचायचे, कोपऱ्यातल्या मडक्यात नारळाची सोडणं धुमसत ठेवायची आणि दोन्ही तोंडं चिखलाने लिंपून टाकायची. तिसऱ्या दिवशी हिरवी केळी पिवळी होतात. लिंपायला सगळे पुढे. उघडायला मात्र तुझा कायदा. आधी दोन्ही तोंडं मोकळी करायची. मग आकड्याने मडकं वर काढायचं. मग झावळी आत घालून ढवळल्यासारखी हलवायची. मग तोंडाशी बसून मी अख्खा तेर्स म्हणायचा, माळेची पाचही रहस्यं, मोठ्याने, म्हणजे तुला चुलीपाशी ऐकू येईल. तो संपला की तू कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडणार, तो जळत राहिला तरच आत्याच्या कमरेला दोर बांधून तिला उतरवणार. "आत वारा मेलाय," तू म्हणायचीस, "त्याला जिता होऊ दे, मग जा." बाबा हसायचे. "तुझी आय केळी पिकवते की नोव्हेना करते?" तू म्हणायचीस, "घड्याळ आणून द्या, मग नाही म्हणत." त्यांनी घड्याळ काही आणलं नाही, आणि तेर्सच आपलं घड्याळ झाला.

मला बसवायचीस कारण आत्या काटक, उतरायची ती, आणि तुला दहा कामं. मला एका जागी बसणं कधीच जमलं नाही, आजही जमत नाही, डॉक्टरकडे नंबर लागायच्या आधी मी घरी परत आलेली असते. 'नमो मरिये' मी अशी म्हणायची की पहिली संपायच्या आत दुसरी सुरू. तू चुलीवरून ओरडायचीस, "देवाच्या आयला म्हशीसारखी हाकलतेस काय गो? दमाने म्हण!" मग दोन मण्यांपुरता दम, की पुन्हा तेच.

त्या वर्षी मी सोळाची. निर्मळची जत्रा चालू होती आणि शेवटची भट्टी काढायची होती. मी डोक्याला लाल रिबीन बांधून बसलेय. दुसरं रहस्य चाललंय आणि कुंपणापाशी माझ्या तिघी मैत्रिणी येऊन उभ्या. एक म्हणते, "येतेस की इथेच म्हातारी होतेस?" दुसरी म्हणते, "राहू दे तिला, ती मठात जाणार आहे." मी हाताने थांबा म्हटलं. दुसरं रहस्य संपलं आणि तिथून मी थेट शेवटच्या प्रार्थनेवर उडी मारली. तीन रहस्यं खाल्ली, आये. 'आमेन' मात्र दणक्यात म्हटलं.

तू हात पुसत बाहेर आलीस. "एवढ्यात झाला?"

मी म्हटलं, "झाला की. कामात तुलाच वेळ कळत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मग कंदील सोडलास. तो तळाला जाऊन चांगला जळला. आत्या चेष्टेत होती, नंदाखाल गावातल्या एका घरी तिचं ठरलेलं, फेब्रुवारीत लग्न. तू दोर बांधताना ती म्हणाली, "वहिनी, घट्ट नको, लग्नाचा झगा घालायचाय मला." उतरली. दोन लोंगर वर दिले. तिसऱ्याला आतूनच म्हणाली, "डोकं जड झालंय गो." तू म्हणालीस, "वर ये, आधी वर ये!" वर कोणी आलं नाही. मी पायऱ्यांकडे धावले तर तू माझ्या थोबाडीत मारलीस. "तू पण मरतेस? दोर धर!" दोघींनी ओढली. पायऱ्यांवर तिचं डोकं आपटत होतं आणि तू ओढतच होतीस. तेव्हा मला वाटलं ही बाई किती निर्दयी. तो दोर नसता आणि ती थोबाडीत नसती तर त्या दिवशी दोन बाया गेल्या असत्या, हे समजायला मला किती वर्षं लागली ते विचारू नकोस.

डॉक्टरांना बाबा सारखं एकच सांगत होते, "पण कंदील जळत होता हो, हिने स्वतः बघितला." डॉक्टर म्हणाले, "अशा धुमसत्या धुराचा वायू दिव्याला कळत नाही. दिवा जळतो आणि माणूस पडतं. हवा खेळायला वेळ द्यायचा होता." सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. मीसुद्धा, बघ, मीसुद्धा तुझ्याकडेच बघितलं. तू म्हणालीस, "मीच म्हटलं उतर. माझीच घाई." माझ्या डोक्याला रिबीन तशीच होती. ती मी गुपचूप सोडून मुठीत धरली.

आत्या तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. उजवा हात थरथरायचा तो कायमचा. बोलता बोलता शब्द सापडेनासा झाला की ती आपल्या तोंडाकडे बघत राहायची, आपण द्यावा म्हणून. नंदाखालची माणसं दोनदा आली, मोसंबी घेऊन, मग आली नाहीत. तू भट्टीत माती भरून घेतलीस. आणि आत्याने तुझ्या हातचा चहा सोडला. एकाच घरात, एकाच चुलीवरचा चहा, तो तू ओतायचीस आणि कप माझ्या हाती द्यायचीस, म्हणजे ती घेईल. किती वर्षं मी तो कप या दारातून त्या दारात नेला. घाईघाईत नेताना बशीत सांडायचाही. आधी माझ्या हातून पाण्याचा हंडा हिंदकळला तरी तू सात पिढ्या काढायचीस, त्या दिवसानंतर तू मला रागवायचीच बंद झालीस. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता वाटतं, तुला माहीत होतं. 'एवढ्यात झाला' म्हणताना तुला माहीत होतं आणि पोरीच्या शब्दावर तू कंदील सोडलास. मग मला वाचवायला गप्प बसलीस की स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाहीस म्हणून, ते मला कळत नाही. विचारायला तू नाहीस, आणि होतीस तेव्हा मी विचारलं नाही.

आत्या आता माझ्याकडे असते. तिचं सगळं मी करते. लोक म्हणतात, भाची असावी तर अशी. ते ऐकलं की मी उठून आत जाते. काल रात्री जेवताना मुलगा सांगत होता, तो सातिवलीला कारखान्याच्या एका गाळ्यात कामाला आहे, तिथे शेजारच्या बंद टाकीत माणूस साफ करायला उतरला आणि तिथेच आडवा झाला, बरं की लोकांनी वेळेत काढला. मी म्हटलं, "झाकण उघडून ठेवलं नव्हतं का? हवा जाऊ दिली नव्हती?" मुलगा म्हणाला, "उघडलं होतं ना, पाच मिनिटं." आत्याचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत तिने मला त्या दिवसाबद्दल काही विचारलं नव्हतं. काल विचारलं. शब्द शोधत, थांबत. "तू... त्या दिवशी... तेर्स पुरता म्हटला होतास ना गो?"

मुलगा बघत होता. सून बघत होती. मी म्हटलं, "पुरता म्हटला होता."

"मग वहिनीचीच घाई," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.

मी तिला भात वाढला, आये. सोळाची होते तेव्हा घाबरले होते असं म्हणता येतं, कालचं काय म्हणू? पहाटेपासून हे लिहितेय. लिहून झालं की तुझ्या क्रुसापाशी मातीत पुरून येईन, असं ठरवून बसले होते. पण मी पुरणारही नाही आणि घरात ठेवणारही नाही, आता फाडून चुलीत घालणार आहे. आत्याला बोलता नीट येत नाही, वाचता अजून येतं.